पाटावरचं ड्रिल
खंडेनवमीला सुताराच्या पाटावर वाकस, पटाशी आणि करवतीशेजारी हल्ली छोटं ड्रिल मशीनही असतं. त्यालाही हळदकुंकू लागतं. यंत्राला हात जोडण्यात रीतीपलीकडे काही अर्थ आहे का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार ‘करण’ म्हणजे इंद्रियं घेतात, हे खरं. पण हत्यार हे हाताचंच पुढे वाढलेलं टोक आहे, तेव्हा त्याला त्या पंगतीतून उठवता येत नाही. मग चुकीचं हत्यार निवडणं हा कर्मातलाच दोष ठरतो. हौशी माणसाला तर तो जास्त लागू, कारण गिऱ्हाईक घाई करत होतं, ही सबबही त्याच्याकडे नाही. 13 मिमी चकचं हॅमर ड्रिल काँक्रीटच्या भिंतीसाठी. सर्किट बोर्डाला 1 मिमीचं भोक पाडायला ते घेतलं, तर मशीनच्या वजनानंच बिट मोडतं. तिथे 12 व्होल्टचं हलकं मशीन हवं. बारीक बिट जोरात फिरवायचं, जाड बिट सावकाश. पोलादावर आणखी सावकाश, वर तेलाचा थेंब. आधी पंचनं खूण, मग भोक, आणि मधूनमधून बिट बाहेर काढून भुगा झटकायचा. दाबून काम लवकर होत नाही, बिट तापतं.

यावर कुणी रोहिणखेडच्या मशिदीकडे बोट दाखवील. खुदावंतखानानं 1582 साली ती बांधली. दगड घडला तो विजेविना. यंत्र आलं की साधना गेली, असा हा आक्षेप. पण छिन्नी हेही करणच की! दोरी-कमानीचा सामता वापरणाऱ्या सुतारानंही मनगटाचे कष्ट वाचवलेच होते. त्याला कुणी धर्मबुडवा म्हटलं नाही. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानलं. ड्रिल फक्त फिरणं आपल्याकडून घेतं. बिट काटकोनात धरणं आणि आरपार जायच्या क्षणी हात सैल सोडणं हाताकडेच राहतं, आणि फळीची मागची बाजू तिथेच फाटते. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, तो अपरिग्रहाचा. वर्षाला चार भोकं पाडणाऱ्यानं मशीन कशाला विकत घ्यावं? त्यानं शेजाऱ्याचं मागून आणावं, आणि परत देताना बोथट झालेलं बिट बदलून द्यावं.