बाहेरची कोण?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक ४० ते ४३.

या चार श्लोकांवर लिहायचं मी दोन दिवस टाळतोय. अर्जुन इथे युद्ध का नको ते सांगतोय. कुळ गेलं की कुळधर्म बुडतो, मग वर्णसंकर होतो, आणि त्यातून पितरांचं पिंड-पाणीही बंद पडतं. एरवी आपण हे भरभर वाचून दुसऱ्या अध्यायाकडे पळतो. यावेळी पळता आलं नाही, कारण घरी भाची आली आहे.

ताईचा नवरा घानाचा, राहतात टोरांटोला. भाची सात वर्षांची. कुरळे केस, बाबांचा रंग, आणि अथर्वशीर्ष म्हणताना माझ्यापेक्षा कमी चुकते. परवा आरतीला आलेल्या एका काकूंनी विचारलं, "ही कोण रे?" माझ्या तोंडून निघालं, "बाहेरची आहे... म्हणजे, बाहेर राहते." रात्री तिने विचारलं, "मामा, मी बाहेरची आहे का?" दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी, "झोप आता" एवढंच म्हणालो.

झोप मलाच लागली नाही. मध्यंतरी जेम्स स्किनरबद्दल वाचलं होतं, ते आठवत राहिलं. जन्म १७७८. वडील कंपनी सरकारच्या फौजेतले स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. १७९१ मध्ये कंपनीने ठरवलं की आई किंवा वडील हिंदी असलेल्याला आपल्या नोकरीत अधिकारी म्हणून घ्यायचं नाही. म्हणून हा मुलगा कुठे गेला, तर आपल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत! तिथे त्याने नाव कमावलं. पण १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रज यांचं युद्ध पेटलं, आणि शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने अशा सगळ्या अधिकाऱ्यांना काढून टाकलं. यावेळी कारण वडिलांचं रक्त. एका दारात आई आडवी आली, दुसऱ्या दारात बाप. तरी इंग्रजांकडे जाताना त्याने अट घातली, की जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, मी लढणार नाही. निष्ठा कुणाची असते आणि संशय कुणावर घेतला जातो, बघा.

पण मला रात्रभर छळलं ते त्याआधीच्या एका प्रसंगाने. १८०० साली राजस्थानात उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि रणांगणावर तसाच पडून राहिला. शेजारी एक रजपूत सुभेदार, तोही घायाळ. सकाळी एक म्हातारी टोपली आणि पाण्याचं भांडं घेऊन आली, आणि प्रत्येक जखमीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी देऊ लागली. ती चर्मकार समाजातली. स्किनरने घेतलं. सुभेदाराने नाही घेतलं. थोड्या तासांसाठी धर्म का सोडू, म्हणाला.

मला त्या सुभेदाराला हसता येत नाही. तो मरायला तयार होता, आणि मी तर काकूंच्या एका प्रश्नाला घाबरलो. पण अर्जुनाची भीती आणि सुभेदाराची भीती एकच वाटते : आपलं काहीतरी शुद्ध आहे आणि ते दुसऱ्याच्या स्पर्शाने जाईल. (वर्ण म्हणजे वंश नव्हे, कबूल. पण घरात "मिक्स आहे" म्हणताना आवाज खाली जातो, तेव्हा भीती हीच असते.)

स्किनरने पुढे त्या बाईला हजार रुपये पाठवले आणि निरोप दिला की मी तुम्हाला आईसारखं मानतो. रणांगणावर केलेल्या नवसाप्रमाणे त्याने दिल्लीत काश्मिरी गेटजवळ चर्च बांधलं. आजही ते उभं आहे.

आता अर्जुनाकडे या. ज्या कुळाची तो एवढी काळजी करतोय, त्याचे आजोबा व्यास हे पराशर ऋषी आणि कोळ्यांच्या घरी वाढलेल्या सत्यवतीचा मुलगा. ते राहू दे. नागकन्या उलूपीपासून झालेला त्याचा स्वतःचा मुलगा इरावान याच युद्धात बापाच्या बाजूने लढायला येतो, आणि आठव्या दिवशी मारला जातो. संकराच्या भीतीने धनुष्य खाली ठेवणाऱ्या बापासाठी!

भगवंत काय उत्तर देतात? दुसऱ्या अध्यायात ते या मुद्द्याला हात लावत नाहीत, थेट देह आणि देही यांच्याबद्दल बोलू लागतात. खरं सांगायचं तर मला ते पुरत नाही, कारण तिसऱ्या अध्यायात संकर हा शब्द भगवंतांच्याही तोंडी येतो. मी कर्म केलं नाही तर संकराला मी कारण होईन, असं ते म्हणतात. मात्र तिथे दोष कर्म टाळणाऱ्याचा आहे, जन्माला आलेल्या लेकराचा नाही. माझ्यापुरता मी एवढाच धागा धरलाय. तुम्हाला वेगळं दिसत असेल तर जरूर लिहा.

सकाळी भाचीला म्हटलं, काकूंना मी चुकीचं उत्तर दिलं. तू माझ्या ताईची मुलगी, या घरची. ती म्हणाली, "मग त्यांना सांग ना."

आज संध्याकाळी आरतीला काकू येणार आहेत.

उद्या श्लोक ४४ ते ४७. राम कृष्ण हरी.