दुरुस्ती आणि सुधारणा

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, लोखंडाच्या कारखान्यांच्या काळ्या धुळीत, आमची जुनी पद्मिनी अडली. १९७४ साली हे नाव मिळालेल्या कुर्ल्याच्या या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीलाच असतो; सळ्यांच्या सांध्यांतील बुश झिजले, की गिअर चाचपडत शोधावा लागतो. दांडा खाली तळाशी घेण्याचा मिस्त्रीचा सल्ला तसा रास्तच. परंतु झिजले होते बुश, आणि बदलावी लागणार होती वडिलांच्या हाताची सवय. दुरुस्ती वस्तूची होते, सुधारणा मात्र माणसावर लादली जाते, असे मला वाटले. नवे बुश तेवढे बसवून घेतले आणि घरी हे सारे काहीशा अभिमानाने सांगितले. वडील म्हणाले, "दोन वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मला विचारलेस कुठे?"