वणव्यानंतरचें फूल

वाचन : ईयोब, अध्याय १ व २

मावळांत तळेगांव दाभाडे गांवाच्या आसपास जे उघडे गवती माळ व उतार आहेत, त्यांस आपण सहज पडीक म्हणतों. पावसाळ्यानंतर तेथलें गवत कापून बाजारीं जातें. उन्हाळ्यांत खडक तापतो, आणि नवा चारा चांगला यावा म्हणून कोणी तरी काडी लावतो. अशा ह्या माळावर इ. स. २०२० च्या वसंतांत आदित्य धारप ह्या अभ्यासकास एक लहान रोप आढळलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार व सहकारी ह्यांनीं त्याची कित्येक ऋतु पारख केली, आणि इ. स. २०२४ मध्यें शास्त्रास नवीन जात म्हणून तें जाहीर झालें. त्यास डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा, म्हणजे अनेकरूपी, असें नांव दिलें आहे. आपल्या अडुळशाच्या व कारवीच्याच कुळांतलें तें आहे. परंतु त्याच्या फुलोऱ्याच्या घडणीशीं जुळणारे जवळचे आप्त पाहावयाचे तर आफ्रिकेंत जावें लागतें.

नोव्हेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत तें एकदां फुलतें. मग वणवा येतो व वरचें सर्व जाळून जातो. त्यानंतर मे-जूनांत, जमिनींतल्या लाकडी मुळापासून ठेंगणे कोंब वर येतात आणि त्यांवर पुनः फुलें लागतात. तीं पहिल्या बहरापेक्षां पुष्कळ, मात्र थोडेच दिवस टिकणारीं. लोणावळ्याच्या डोंगरांतील कारवीची रीत निराळी. ती सुमारें सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते, बीं टाकते व मरते. हें रोप मरत नाहीं, कारण त्याचा जीव जाळाच्या खालीं असतो.

आतां असा दाखला हातीं आला कीं उपदेशकास मोह होतो. तो दुखवट्याच्या घरीं जाऊन सांगूं लागेल : भिऊं नका, देवानें वणवा पाठविला तो तुम्हांस फुलविण्यासाठींच. ज्या आईचें लेंकरूं कालच पुरलें तिला हें ऐकवणें निर्दयपणाचें आहे, आणि त्या रोपाविषयींही तें पुरतें खरें नाहीं. आगीनें कोंबास हांक दिली, हें खरें. पण कोंब फुटला तो मुळांतून. त्याच जाळांत चंडोलाचें घरटें अंड्यांसह जळतें, ज्यांचें मूळ उथळ तीं कोंवळीं झाडें जळतात, आणि त्यांस दुसरा बहर नसतो. ईयोबाचीं मेंढरेंही अग्नीनेंच खाल्लीं. त्याचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले, तें उत्तम झालें. बिघडलें तें त्यांनीं तोंड उघडून त्या अग्नीचा अर्थ सांगावयास आरंभ केला तेव्हां. शेवटीं देवाचा कोप झाला तो ह्या अर्थ सांगणाऱ्यांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे. म्हणून दुःखिताच्या दारीं जाणाऱ्या उपदेशकानें भुईवर बसावें. त्या घराचें मूळ जिवंत आहे कीं नाहीं हें मे महिन्याच्या आधीं कोणासही कळत नाहीं. तोंवर पाणी भरून देणें, गुरें सांभाळणें, भाकरी भाजून नेणें हीं कामें आहेतच.

दुसरें असें कीं, फुलास आग मानवते हें ऐकून कोणी माळ पेटविण्यास धजेल. आपल्या मावळांत भाताचें रोप करण्यासाठीं राब भाजतात; तेथें धनी उभा असतो, हद्द आंखलेली असते, वारा पाहिलेला असतो. वणव्यास धनी नसतो. संशोधकही असेंच म्हणतात कीं, आग अगदीं बंद करूं नये व मोकाटही सोडूं नये, आणि ह्या माळांचा फाजील वापर होऊं देऊं नये. माळच नांगरला किंवा खणून नेला, तर मूळ राहील कोठें?

येत्या मे-जूनांत जळलेल्या उतारावरून जातांना राखेंत एखादा फुललेला ठेंगणा कोंब दिसल्यास तो उपटून आणूं नये. शाळेंतील मुलांस तेथें नेऊन दाखवावा.