काळाच्या निकालावर अपील

जे चांगलं असतं ते टिकतं, आणि जे टिकलं नाही त्यात काही दम नव्हता, असं आपण मुलांना फार सहज सांगतो. आळसाला इतकं सोयीचं दुसरं तत्त्वज्ञान नसेल, कारण ते एकदा मान्य केलं की कुठलंही जुनं फडताळ उघडायची गरज उरत नाही. एकोणिसाव्या शतकातलं युरोपचं व्हायोलिन आणि पियानोचं संगीत घेऊन ही समजूत तपासून पाहावी. त्या शतकातली बीथोवन, शुमान, ब्राह्म्स, फ्रांक, ग्रीग अशी मोजकी नावं आजच्या कार्यक्रमपत्रिकांवर आलटून पालटून येत राहतात. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण त्यांच्या शेजारी जे वाजत होतं, ज्यासाठी सभागृहं भरत होती, ते कुणी बाजूला सारलं आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही.

व्हायोलिनवादक आणि रचनाकार हाइनरिश विल्हेल्म अर्न्स्टचंच पाहा. जन्म १८१२ चा, गाव मोराव्हियातलं ब्रनो, घर ज्यू. व्हिएन्नात योझेफ ब्योमच्या हाताखाली शिकत असताना १८२८ मध्ये त्याने व्हायोलिनवादक पागानिनीला ऐकलं आणि पुढे त्याच्या मागेच लागला. पागानिनी आपल्या बऱ्याच रचना छापायला देत नसे. तेव्हा अर्न्स्टने १८३७ मध्ये मार्सेयला पागानिनीच्या शेजारची खोली भाड्याने घेतली आणि भिंतीपलीकडचा रियाज ऐकून त्या न छापलेल्या रचना उचलल्या. आपल्याकडे दुसऱ्या घराण्याची चीज आडून ऐकून उचलल्याच्या ज्या गोष्टी रंगवून सांगतात, त्यांत ही सहज खपून जाईल.

पण तो नकलेवर थांबला नाही. शूबर्टच्या 'एर्लक्योनिग' या गाण्यात गायक निवेदक, बाप, मूल आणि मुलाला ओढून नेणारा पिशाच्चराजा असे चार आवाज काढतो, तर पियानो घोड्याची दौड जवळजवळ शेवटपर्यंत सोडत नाही. अर्न्स्टने हे सगळं साथीशिवाय एकट्या व्हायोलिनवर आणलं. त्याची 'एलेजी' ही पियानोच्या साथीची शोकरचना युरोपभर वाजत होती. संगीतकार बर्लिओझच्या 'हॅरॉल्ड इन इटली'मधला व्हायोलाचा भाग तो स्वतः बर्लिओझबरोबर वाजवत असे. १८५९ मध्ये लंडनच्या बीथोवन क्वार्टेट सोसायटीत अर्न्स्ट, योआखिम, व्हिएन्याव्स्की हे व्हायोलिनवादक आणि चेलोवादक पियात्ती असे चौघे एकत्र बसले होते. त्यात व्हिएन्याव्स्कीसारख्याने व्हायोला हाती घेतला होता, यावरून त्या बैठकीची पत कळावी. आपण ऐकलेल्या व्हायोलिनवादकांत अर्न्स्ट सर्वश्रेष्ठ, असं योआखिमचं मत होतं. आणि योआखिम तोंडपुजेपणासाठी कधी प्रसिद्ध नव्हता.

असा माणूस विस्मरणात गेला तो कसा? दुखण्याने हात थांबले आणि १८६५ मध्ये नीसला त्याचा मृत्यू झाला. ध्वनिमुद्रण अजून जन्मायचं होतं. रचना त्याच्याच बोटांच्या मापाने शिवलेल्या, त्यामुळे पेलणारे थोडे. पण यापेक्षा एक विचित्र कारण आहे. त्याची 'ऑथेल्लो फँटसी' रोसिनीच्या १८१६ च्या 'ओतेल्लो' या ऑपेरावर बेतलेली आहे. त्या काळच्या श्रोत्याला ते सूर तोंडपाठ होते. वादक त्यांना कुठे वळण देतो, कुठे हूल देतो, यातच गंमत होती. १८८७ मध्ये व्हेर्दीचा 'ओतेल्लो' आला आणि रोसिनीचा रंगभूमीवरून जवळजवळ हद्दपार झाला. मूळ गाणंच विसरल्यावर त्यावरची नक्षी कुणाला कळणार? इथे अर्न्स्टच्या गुणदोषांचा प्रश्न आलाच कुठे!

दुसरं कारण मालकी हक्काच्या वेडाचं. अर्न्स्टने पियानोवादक श्टेफान हेलरबरोबर 'पॉंसे फ्युजितीव्ह' या छोट्या रचना लिहिल्या. बेल्जियमच्या बेरियोने ऑस्बर्नबरोबर, थालबर्गबरोबर द्वंद्ववादनाच्या रचना केल्या. व्हायोलिनचा जाणकार एक आणि पियानोचा दुसरा, अशी ही सरळ भागीदारी. पुढे 'एकाकी प्रतिभावंता'ची पूजा सुरू झाली आणि ही जोडकामं कुणाच्याच खात्यावर जमा होईनात. सहकार्याने केलेलं काम हलकं, हा समज संगीतापुरता राहिलेला नाही. आपल्या विद्यापीठांतही तो सुखाने नांदतो आहे.

तिसरं कारण मला सर्वांत बोचतं, कारण त्यात सुधारकांचा हात आहे. शुमानने १८३४ मध्ये नियतकालिक काढलं आणि पोकळ चमत्कृतीवर कोरडे ओढले. ती गरज खरीच होती. बाजारात पोरकट तानबाजी उदंड झाली होती. पण शुमानने स्वतः पागानिनीचे एकट्या व्हायोलिनसाठीचे काप्रिस पियानोवर आणले, शेवटच्या वर्षांत त्यांना पियानोची साथ लिहिली. त्याला वैर होतं ते पोकळपणाशी. अनुयायांनी मात्र कौशल्यालाच संशयित ठरवलं. जे वाजवायला कठीण आणि ऐकायला मजेदार ते उथळ, असा दंडक झाला. गंभीर कार्यक्रमांचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं त्या योआखिमचा स्वतःचा 'हंगेरियन' कन्चर्टो वाजवायला महाकठीण, आणि तोही आज क्वचितच कानी पडतो. सुधारणेचं सोवळं झालं की पहिला बळी कुणाचा जातो हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. 'नुसती तयारी आहे, गाणं नाही' हा शेरा आपणही किती गवयांवर न ऐकता मारला आहे.

आणि जिथे काळाचा हा निकाल उघडउघड अन्यायाचा आहे ती प्रकरणं वेगळीच. लुईझ फारांक १८४२ पासून तीस वर्षं पॅरिसच्या कॉन्झर्वेतोआरमध्ये पियानोची प्राध्यापिका होती. पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. १८५० मध्ये तिची नऊ वाद्यांची रचना गाजली, त्या वादनात तरुण योआखिमही होता. त्यानंतर तिने समान वेतन मागितलं आणि मिळवलं. व्हायोलिन-पियानोचे तिचे दोन सोनाटा आहेत. तिने आणि तिच्या प्रकाशक पतीने पियानो आणि त्याआधीच्या कळफलकी वाद्यांच्या जुन्या, बऱ्याच अंशी विसरलेल्या संगीताचा अनेक खंडांचा संग्रह छापायला घेतला, आणि पतीच्या मृत्यूनंतर तिने तो एकटीने पुढे नेला. इतरांना विस्मृतीतून बाहेर काढणाऱ्या या बाईला पुढच्या पिढ्यांनी तिथेच नेऊन ठेवलं. क्यूबाच्या मातान्सासमध्ये १८३६ साली जन्मलेला होजे व्हाइट हा आफ्रिकी वंशाचा व्हायोलिनवादक. १८५६ मध्ये पॅरिसच्या त्याच संस्थेचं पहिलं पारितोषिक त्याने जिंकलं. त्याचा फ-शार्प मायनरमधला कन्चर्टो १८६४ चा. तो ध्वनिमुद्रणावर यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. या दोघांना काळाच्या कुठल्या कसोटीने गाळलं? गाळणारी माणसं होती, त्यांच्या समित्या होत्या, त्यांचे अभ्यासक्रम होते.

अशा विस्मृतीविरुद्ध झगडणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे, पण ते सांगण्याआधी ज्याच्यासाठी तो झगडला तो पाहा. पॅरिसचा शार्ल-व्हालांतँ आल्काँ (१८१३ ते १८८८) हा लिस्टच्या तोडीचा पियानोवादक-रचनाकार. व्हायोलिन आणि पियानोसाठी त्याने एकच मोठी रचना केली. तिच्या मधल्या भागाचं नाव आहे 'नरक': पियानो अगदी खालच्या पट्टीत, कर्कश स्वरगुच्छांत घुमतो आणि वर व्हायोलिन चाचपडत चालतं. १८४० च्या सुमाराचं हे संगीत आजही अंगावर येतं. आल्काँचं नाव घ्यायलाही फारसं कुणी तयार नव्हतं तेव्हा, १९३२ च्या आपल्या निबंधसंग्रहात त्याची बाजू घेतली रचनाकार कैखुश्रू शापूरजी सोराबजी याने. जन्म इंग्लंडचा, वडील मुंबईचे पारशी. मुंबईच्या संगीतरसिकांनी हा वारसा कधी मिरवला आहे?

सगळंच जुनं सोनं नसतं, हेही सांगून टाकतो. अर्न्स्टच्या 'व्हेनिस कार्निव्हल'च्या तऱ्हा माझ्या कानाला पाचव्या-सहाव्या फेरीत कंटाळा आणतात, आणि त्या काळच्या ढिगात त्याहून सामान्य माल पुष्कळ आहे. पण नापसंतीचा हक्क ऐकणाऱ्याला असतो. न ऐकता नापसंत करणं हा निव्वळ पूर्वग्रह. दुर्मिळ म्हणूनच थोर, असं मानणाऱ्या संग्राहकाचाही मला तितकाच वैताग आहे.

आणि ऐकण्याच्या आड आता काय आहे? हक्कमुक्त स्वरलिपींचं 'इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट' हे भांडार एडवर्ड ग्वो या विद्यार्थ्याने २००६ मध्ये उघडलं. व्हिएन्नाच्या एका प्रकाशनसंस्थेच्या कायदेशीर पत्रांमुळे ते २००७ मध्ये बंद पडलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू झालं. शेर्बान लुपू आणि इयन हॉब्सन या जोडीने अर्न्स्टच्या ध्वनिमुद्रणांची मालिका केली आहे. हायपेरियन कंपनीने १९९१ पासून विसरलेल्या रोमँटिक पियानो कन्चर्टोंची लांबलचक मालिका काढली. साधनं नाहीत, ही सबब संपली.

गोव्याच्या पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं, त्यातल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. म्हणजे हे वाद्य आपल्याला परकं नाही. तरी आपली मुलं परदेशी मंडळांच्या परीक्षांसाठी नेमलेल्या तीन रचना वर्षभर घोटतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि चौथी रचना शोधायची इच्छा शिक्षकालाही होत नाही. ती शिक्षकाने शोधली पाहिजे. पालकांनी 'हे परीक्षेला आहे का' हा प्रश्न वर्षातून निदान एकदा गिळला पाहिजे. वरच्या इयत्तांतल्या मुलांना अर्न्स्टची 'एलेजी' आवाक्यातली आहे, फारांकचे सोनाटा दोन चांगल्या विद्यार्थ्यांना मिळून बसवता येतील. तिकीट काढून जाणाऱ्यांनीही गप्प बसू नये. ब्राह्म्सच्या सोनाटाशेजारी एक फारांक किंवा एक आल्काँ ठेवा, असं पत्र पुढच्या मोसमाची पत्रिका छापखान्यात जाण्याआधी संयोजकांच्या टेबलावर पडलं पाहिजे, खाली सही आणि पत्ता घालून.