पेला कोणीं फोडला?

स्पॅनिश भाषा शिकावयास बसलेल्या मनुष्यास पहिल्या कांहीं धड्यांतच एक चिमुकला शब्द अडवितो. ‘लाबार’ म्हणजे धुणें. पण स्वतःस धुवावयाचें असेल तर तेंच क्रियापद ‘लाबार्से’ होतें. कर्ता बदलला कीं हा जोडशब्दही बदलतो: मी असेन तर ‘मे’, तूं असशील तर ‘ते’, तो असेल तर ‘से’, आम्ही असूं तर ‘नोस’. ‘मे लाबो लास मानोस’ म्हणजे मी हात धुतों. हात कोणाचे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. क्रियेचें फळ कर्त्याकडे परत यावें, ही कल्पना आपणांस सर्वस्वी परकी नाहीं. ऋत्विज् दुसऱ्यासाठीं ‘यजति’ आणि यजमान स्वतःसाठीं ‘यजते’, हा परस्मैपद व आत्मनेपद यांतील भेद संस्कृत शिकलेल्यांस ठाऊक असतोच.

येथवर प्रश्न व्याकरणाचा आहे. परंतु याच ‘से’चा दुसरा एक उपयोग पाहिला म्हणजे तो नीतीचा होतो. हातांतून निसटून पेला फुटला, तर ‘रोम्पी एल बासो’, म्हणजे ‘मीं पेला फोडला’, असें स्पॅनिश बोलणारा सहसा म्हणत नाहीं. तो म्हणतो, ‘से मे रोम्पियो एल बासो’: पेला आपणच फुटला, आणि तें माझ्या बाबतींत घडलें. विसरण्याचीही तीच तऱ्हा. ‘ओल्बिदे’, मी विसरलों, असें म्हणतां येतें; तसेंच ‘से मे ओल्बिदो’, मला विसर पडला, असेंही सर्रास म्हणतात.

ही जबाबदारी टाळण्याची सोय तर नव्हे, अशी शंका नवशिक्यास येते. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. पण मग आमच्या ध्यानांत आलें कीं, ‘माझ्या हातून पेला फुटला’ असें आपणही रोज म्हणतों. तसें म्हणणारा खोटें बोलतो काय? मुळींच नाहीं. बुद्धिपुरस्सर केलेली कृति आणि नकळत घडलेली चूक यांतील अंतर न्यायाधीश मानतो, आणि घरांतील आईही मानते. तें अंतर दाखविण्यास शब्द देणारी भाषा लबाड नव्हे. तिला न्यायबुद्धि आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

धोका आहे तो पुढच्या पायरीवर. ‘मीं पेला फोडला’, ‘माझ्या हातून पेला फुटला’ आणि ‘पेला फुटला’ अशा या तीन पायऱ्या आहेत. स्पॅनिशमध्यें तिसरी पायरी उतरावयास ‘मे’ एवढें एक अक्षर गाळलें कीं पुरें: ‘से रोम्पियो’. दुसऱ्या पायरीवर मनुष्य हेतु नाकारतो, पण घटनेशीं असलेला आपला संबंध नाकारीत नाहीं. वाक्यांत तो अजून उभा असतो. तिसऱ्या पायरीवर तो वाक्यांतून निघून गेलेला असतो. ‘से कोमेतिएरोन एर्रोरेस’, चुका झाल्या, असें अधिकारी म्हणतात तेव्हां त्या चुका कोणाच्या, हें विचारावयास वाक्यांत कोणीच सांपडत नाहीं. हात धुण्याचें तें पहिल्या धड्यांतलें निरुपद्रवी वाक्यही स्पॅनिशमध्यें अंग काढून घेण्याच्या अर्थानें वापरतात, हें येथें आठवावें.

मात्र त्याच भाषेनें एक क्रियापद असें ठेविलें आहे कीं, त्यांतून हा लहान शब्द गाळतांच येत नाहीं. तें म्हणजे ‘आर्रेपेन्तीर्से’, पश्चात्ताप पावणें. वैयाकरण त्यास खऱ्या अर्थानें आत्मवाचक म्हणत नाहींत, कारण येथें कोणी स्वतःवर वेगळी अशी क्रिया करीत नाहीं. तरीही ‘मे आर्रेपिएन्तो’ असेंच म्हणावें लागतें. हात दुसऱ्याचेही धुतां येतात. दुसऱ्याचा पश्चात्ताप करून देतां येत नाहीं.

यावरून भाषा माणसास नीतिमान करते असें आम्ही म्हणत नाहीं. ती तिन्ही पायऱ्या मोकळ्या ठेविते. कोठें थांबावें तें बोलणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. नकळत फुटलेल्या पेल्याबद्दल ‘मीं फोडला’ अशी कबुली कोणी मागूं नये. पण ‘माझ्या हातून’ हे दोन शब्द जो गाळीत नाहीं, तोच बहुधा खालीं वांकून काचाही वेंचूं लागतो.