पंधरा दिवसांची औषधं

स्कॉटलंडमध्ये डॉक्टरकडे जायला पैसे पडत नाहीत. सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी आहे, आणि वृद्धांना व गरिबांना औषधांचे पैसे गेल्या शतकाच्या अखेरीसही माफच होते. अशा देशातल्या ५३ दवाखान्यांमधल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. १९९९-२००० या एका वर्षाच्या या नोंदींचे निष्कर्ष २००४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. वंचित वस्त्यांमध्ये हार्ट फेल्युअर जडण्याचं प्रमाण सधन वस्त्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त निघालं. आजार जडल्यावर डॉक्टरकडे पाठपुराव्याला जाण्याचं प्रमाण मात्र २३ टक्क्यांनी कमी होतं. लिहून दिलेल्या औषधांत गरीब-श्रीमंत असा फरक सापडला नाही.

म्हणजे दार उघडं होतं, डॉक्टरांनी दुजाभाव केला नव्हता, तरीही ज्याला जास्त गरज तोच कमी वेळा येत होता. आरोग्यसेवा फुकट केली की गरिबाचा प्रश्न सुटला, असं मानणाऱ्या प्रत्येकाने या आकड्यापाशी थांबायला हवं. या आजाराला पैसा लागतोच, पण त्याहून जास्त लागते ती सवड. आणि सवड ही समाजात पैशांपेक्षाही विषम वाटली गेलेली गोष्ट आहे.

आपल्याकडे घरोघरी या आजाराचं वर्णन ‘पंपिंग कमी झालंय’ असं करतात, आणि ते नेमकं आहे. हृदय बंद पडत नाही. त्याचा जोर कमी होतो किंवा ते ताठर होतं. मग पायावर सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की जीव घुसमटतो, उशीवर उशी चढत जाते आणि एक दिवस ‘छातीत पाणी झालं’ म्हणून रुग्णाला दवाखान्यात न्यावं लागतं. चार दिवसांत पाणी उतरतं, माणूस घरी येतो. खरा उपचार तिथून पुढे सुरू होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर चालतो.

गरिबाला हा आजार लवकर गाठतो. ब्रिटनमधल्या सुमारे ४० लाख लोकांच्या २००२ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात सर्वांत वंचित गटात हार्ट फेल्युअरचं प्रमाण सर्वांत सधन गटापेक्षा ६१ टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि तो जडण्याचं वयही सुमारे साडेतीन वर्षांनी अलीकडे आलेलं दिसलं. भारतात तर सगळंच अलीकडे सरकलेलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३मध्ये झालेल्या नोंदणीत १,२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ भरलं. पाश्चात्त्य देशांतल्या अशा नोंदण्यांत ते सत्तरीच्या पुढे असतं. सरासरी ६१ म्हणजे पन्नाशीतलेही पुष्कळ जण आले. घरातल्या कर्त्या माणसाला दम लागू लागतो तेव्हा मिळकत थांबते आणि खर्च सुरू होतो, दोन्ही एकाच महिन्यात.

याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. वर्षानुवर्षं न मोजलेला रक्तदाब, अर्धवट उपचारांवर ओढलेला मधुमेह, तंबाखू, आणि हार्ट अटॅक आल्यावर ‘गॅस असेल’ म्हणून काढलेली रात्र. अटॅकनंतर पहिल्या काही तासांत रक्तवाहिनी मोकळी झाली नाही, तर हृदयाचा तेवढा स्नायू मरतो. शहरातल्या माणसाचा जीव आणि स्नायू दोन्ही वाचतात. तालुक्याच्या गावाहूनही दूर असलेल्याचा जीव वाचला, तरी पंपिंग कायमचं खाली येतं.

दुसरं एक कारण मात्र सरळ गरिबीचंच अपत्य आहे. दाटीवाटीच्या घरांत लहान मुलांना घसा दुखण्याचा एक विशिष्ट जिवाणू-संसर्ग वारंवार होतो. त्यातून संधिवाताचा ताप येतो, आणि तो काही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब करून जातो. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ हद्दपार झाला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १४ देशांतल्या ३,३४३ रुग्णांच्या ‘रेमेडी’ या नोंदणीत भारतही होता. त्या रुग्णांचं मध्यक वय होतं २८, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या आणि दोन वर्षांत जवळपास १७ टक्के रुग्ण दगावले. जास्त शिकलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. हा आजार पुन्हा उसळू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन पुरतं. मात्र ते कित्येक वर्षं चुकवायचं नसतं. इथेही प्रश्न सातत्याचाच येतो.

‘इंटर-सीएचएफ’ या अभ्यासात आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या १६ देशांमधल्या हार्ट फेल्युअरच्या ५,८२३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. वर्षभरात आफ्रिकेत ३४ टक्के आणि भारतात २३ टक्के रुग्ण मरण पावले. चीनमध्ये मात्र ७ टक्के. वय, आजाराची तीव्रता, इतर व्याधी, औषधं हे सगळं हिशेबात धरलं तरी मृत्यूच्या जोखमीचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. उरलेला भाग रुग्णाच्या फाइलमध्ये सापडत नाही. तो बहुधा रस्त्यात, रोजगारात आणि घरात असावा.

हा नुसता तर्क नाही. हार्ट फेल्युअरवरच्या औषधांच्या दोन मोठ्या चाचण्यांत ५४ देशांतले १५ हजारांहून अधिक रुग्ण होते. चाचणीतल्या रुग्णांची तपासणी आणि औषधं ठरावीक शिस्तीने होतात. तरीही ज्या देशांत उत्पन्नातली विषमता जास्त, तिथल्या रुग्णांचे मृत्यू जास्त दिसले, आणि आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही.

औषधांच्या किमतींची बाजू अलीकडे बरीच बदलली आहे, आणि तिची नोंद आनंदाने घ्यायला हवी. पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला आज चार प्रकारची औषधं एकत्र द्यावीत असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. त्यांतली बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी आणि स्वस्त आहेत. नव्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२०मध्ये संपलं. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनच्या मूळ पेटंटची मुदत जानेवारी २०२३मध्ये सरली आणि एम्पाग्लिफ्लोझिनची मार्च २०२५मध्ये. या शेवटच्या औषधाची ६० रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही भारतीय कंपन्यांनी १० रुपयांच्या आत आणली. चांगलं औषध श्रीमंतांचं आणि साधं औषध गरिबांचं ही विभागणी या आजारात पुष्कळ सैल झाली आहे.

तरीही गोळी पोटात जाण्याआधी बरंच काही घडावं लागतं. ही औषधं पहिल्या दिवशी पूर्ण मात्रेत देता येत नाहीत. रक्तदाब, नाडी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहत मात्रा हळूहळू वाढवावी लागते. ‘स्ट्राँग-एचएफ’ या २०२२च्या चाचणीत १४ देशांमधल्या १,०७८ रुग्णांपैकी निम्म्यांची मात्रा दवाखान्यातून सुटल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण करत नेली, आणि सहा आठवड्यांत त्यांना चार वेळा तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण त्यांच्यात १५.२ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ते २३.३ टक्के होतं. एवढा मोठा फायदा एकही नवं औषध न शोधता मिळाला. तो मिळाला वेळेवर झालेल्या चार भेटींमधून.

आता या चार भेटी मेळघाटात मांडून पाहाव्यात. धारणीहून अमरावती सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे आहे. घाटाचा रस्ता, रुग्णाचा दम, सोबत एक माणूस. दोघांची त्या दिवसाची मजुरी बुडते. सकाळी केसपेपर काढून एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख मिळाली, तर ती पुढच्या आठवड्यातली असू शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड जोडप्याचं गणित आणखी वेगळं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, फडावर एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा पडतो आणि तो उचलीत धरला जातो. हंगामाचे पाच-सहा महिने मुक्काम कारखाना सांगेल तिकडे. बीडच्या सिव्हिलचा केसपेपर गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत, आणि रुग्ण सांगलीच्या नाहीतर कोल्हापूरच्या फडात. मात्रा वाढवायची कुणी आणि कुठे?

शिस्तीत राहण्यातही वर्ग आडवा येतो. अंगातलं जादा पाणी काढणारी गोळी साधी, काही रुपयांची. सगळे तिला लघवीची गोळी म्हणतात. सकाळी घेतली की तासाभरात लघवीला लागते आणि पुढचे काही तास पुन्हा पुन्हा जावं लागतं. घरी बसलेल्या निवृत्त माणसाला त्यात फारसं काही नाही. पण चार घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला त्या चारही घरांत संडास वापरू देतात असं नाही. बांधकामावरच्या बिगारी बाईला आडोसा शोधावा लागतो, आणि एसटीने तीन तास जायचं असेल तर पुरुषही ती गोळी टाळतात. म्हणून नेमक्या दवाखान्याच्या तारखेला, प्रवासाच्या दिवशी, गोळी चुकते. केसपेपरवर नोंद होते, ‘औषधं नियमित घेत नाही’. एवढ्या चार शब्दांत त्या बाईच्या दिवसाचा एकही तास उतरलेला नसतो. ही गोळी सकाळीच घ्यावी असा नियम नाही. कामावरून आल्यावर दुपारी घेतली तरी चालेल, असं कुणी सांगितलं, तर पुष्कळ जणींचा महिना सुरळीत जाईल. ते सांगायला डॉक्टरला दोन मिनिटं आणि रुग्ण कुठे काम करतो हे विचारायची सवय लागते.

वजनाचंही तसंच. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच या, हा या आजारातला सर्वांत उपयोगी सल्ला. पाणी साठल्याचं ते पहिलं लक्षण. मात्र घरात वजनकाटा असणं गृहीत धरता येत नाही, आणि ‘लगेच या’ हे तर मुळीच नाही.

आपली सार्वजनिक व्यवस्था मोठ्या प्रसंगाला धावते, हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी २०१७मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर आणली गेली. त्याआधी लाखाच्या वर मोजणारी कुटुंबं होती. महाराष्ट्रात २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. या योजनांमुळे हजारो लोकांच्या हृदयशस्त्रक्रिया झाल्या. पण त्यांचा कणा आहे भरती झालेला रुग्ण. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि सुटका झाल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधं येतात. हाडाचं ऑपरेशन असेल तर पंधरा दिवस पुष्कळ झाले. हार्ट फेल्युअरमध्ये पंधराव्या दिवशी औषधाची मात्रा नुकती लागू पडू लागलेली असते.

सोळाव्या दिवसापासून खिसा उघडतो. देशातल्या २१ रुग्णालयांमधल्या १,८५९ रुग्णांच्या पाहणीत स्वतःच्या खिशातून होणारा वार्षिक खर्च सरासरी लाखाच्या वर निघाला. सुमारे ३८ टक्के कुटुंबांवर तो कंबरडं मोडणारा ठरला आणि सुमारे १८ टक्क्यांना कर्ज काढून किंवा घरातलं किडूकमिडूक विकून तो भागवावा लागला. आधी भाजीपाला कमी होतो, मग एखाद्या मुलीचं शिक्षण थांबतं, आणि अखेर गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. त्यानंतर पुन्हा छातीत पाणी होतं आणि मग योजना पुन्हा लागू होते. दहा-पंधरा रुपयांची रोजची गोळी परवडत नाही म्हणणारी व्यवस्था आयसीयूचं बिल मात्र भरते. यात माणुसकी तर नाहीच, काटकसरही नाही.

अमेरिकेने उलट्या बाजूने प्रयत्न केला. ऑक्टोबर २०१२पासून तिथे हार्ट फेल्युअरचे रुग्ण तीस दिवसांत पुन्हा भरती झाले, तर वृद्धांच्या सरकारी विम्यातून रुग्णालयाला मिळणारे पैसे कापले जाऊ लागले. हेतू चांगला होता: रुग्णालयांनी घरी गेलेल्या रुग्णाची काळजी घ्यावी. कात्री मात्र गरीब वस्त्यांमधल्या रुग्णालयांना जास्त लागली, कारण त्यांचे रुग्ण एकटे राहणारे, गाडी नसलेले, औषधं तोडून घेणारे होते. अखेर २०१६मध्ये कायदा बदलावा लागला आणि पुढे रुग्णालयांची तुलना त्यांच्यासारख्याच रुग्णालयांशी होऊ लागली. गरिबीचा दंड रुग्णालयाकडून वसूल करून गरिबी हटत नाही, हे कळायला काही वर्षं गेली.

महाराष्ट्रात याहून शहाणा नमुना हाताशी आहे, तोही साधा. २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. त्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपले जिल्हे होते. त्याचे नियम मोजकेच: औषधांचा एकच ठरलेला क्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, त्याही घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड. तारीख चुकवणाऱ्याला फोन जातो किंवा आशाताई घरी येतात. रक्तदाब मोजायला आणि कार्ड भरायला नर्स पुरते. २०२२मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या एका पुरस्काराने गौरवलं गेलं. रक्तदाब ताब्यात राहिला तर पुष्कळांचं हार्ट फेल्युअरही टळतं, हा त्यातला मोठा लाभ.

हीच चौकट ज्यांना आजार जडला आहे त्यांच्यासाठी का वापरू नये? निदान आणि पहिला एको जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावा, औषधांची मात्रा तिथल्या डॉक्टरने फोनवरून सांगावी, आणि वाढवायची ती गावाजवळच्या केंद्रात. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनसाठी रुग्णाने शहरात जाण्याची गरज नाही, कारण आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने नेणारी ‘महालॅब’ राज्यात आधीपासून आहे. आशाताईंच्या पिशवीत एक वजनकाटा हवा. ऊसतोड हंगामात कार्ड रुग्णाबरोबर फिरावं आणि कारखान्याजवळच्या केंद्रात ते चालावं. एसटीत स्त्रियांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत. हृदयरोगाच्या आकडेवारीत या सवलती कुणी मोजत नाही, पण पाठपुराव्याला येणाऱ्या बाईच्या हिशेबात त्या पहिल्या ओळीला असतात. पन्नाशीतल्या पुरुष रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला ही सवलत मिळत नाही. तपासणीच्या दिवसापुरती ती केसपेपरवर देता येईल, आणि पंधराच्या जागी नव्वद दिवसांची औषधं योजनेच्या पॅकेजमध्ये बसवणं हा तर एका शासन निर्णयाचा विषय आहे.