राजाची चिता आणि संगमाचे पाणी

बारामती-इंदापूर पट्ट्यात मयताच्या अस्थी घेऊन निघालेली माणसे बऱ्याचदा नीरा नरसिंहपूरची वाट धरतात. नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात, तिथे लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाखाली अस्थी सोडल्या की घरच्यांना वाटते, आपल्याकडून काही राहिले नाही. अलीकडे मात्र पुणे जिल्ह्यातली काही घरे रक्षा शेतातच मिसळून तिथे एखादे झाड लावतात. मग भावकीत कुणीतरी विचारतेच, संगमाशिवाय मेलेल्याला गती कशी मिळायची? हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे मेलेल्या माणसाविषयीची काळजी आहे, आणि तिला उत्तर द्यायचे तर ते धर्माच्याच भाषेत द्यायला हवे. मला ते उत्तर कोल्हापूरच्या एका छत्रपतींच्या मरणात सापडते.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानण्याचा तो काळ. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिले, मोठमोठ्यांशी बोलणे झाले. युरोपातून परतताना मात्र प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांनी देह ठेवला. वय अवघे वीस. कोल्हापुरात हे घडते तर पंचगंगेच्या घाटावर सारे शहर लोटले असते, तोफा झाल्या असत्या. इथे परका मुलूख, आणि प्रेत पुरण्याचाच रिवाज असलेला कॅथलिक देश. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह सोडला नाही. ब्रिटिश वकिलातीच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली, आणि शहराबाहेरच्या कॅसिने उद्यानाच्या टोकाला, मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते त्या जागी, रात्रीच्या काळोखात चिता रचली गेली. तूप, कापूर, चंदन अशी जमेल ती सामग्री घातली गेली. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. जवळच्या पुलालाही आज त्या ‘भारतीया’चेच नाव आहे.

यावर कुणी म्हणेल की हा आपद्धर्म झाला, नाइलाजाने केलेल्या गोष्टीवरून नियम काढू नये. पण आपद्धर्म शास्त्राच्या बाहेरचा नसतो. तो शास्त्रानेच सांगितलेला असतो. परदेशी मेलेल्याचे प्रेतच हाती आले नाही तर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, अशी सोय धर्मशास्त्रात आहे. जिथे देहाशिवायही अंत्यविधी पुरा होतो, तिथे अमुकच पाण्यावाचून तो अडेल असे कसे मानायचे? दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. पाण्याला महत्त्व नसेल तर त्या मंडळींनी फ्लॉरेन्समध्येही संगमच का गाठला? माझ्या मते त्यांनी तो गाठला हे फार बरे केले. दुःखाला उभे राहायला जागा लागते, हातांना काहीतरी करायला लागते, आणि लहानपणापासून पाहिलेली रीत परमुलखातही माणसाला सावरते. मात्र आर्नोला कुठल्या पुराणाने तीर्थ म्हटले नव्हते. ती जागा त्या रात्रीपुरती तीर्थ झाली ती त्यांच्या निष्ठेमुळे, पाण्याच्या अंगच्या गुणाने नव्हे.

याची उलट बाजूही त्याच गादीच्या इतिहासात आहे, आणि ती वाचताना आजही चीड येते. १८९९ च्या सुमारास कार्तिकस्नानाच्या वेळी, खुद्द पंचगंगेच्या काठावर, शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठीचे मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते. ही गोष्ट संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी ध्यानात आणून दिली, तेव्हा पुरोहिताने राजालाच शूद्र ठरवले. म्हणजे परक्या नदीकाठी एका छत्रपतीचे अंत्यसंस्कार श्रद्धेने झाले, आणि स्वतःच्या राजधानीत, पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या छत्रपतीचा अधिकार नाकारला गेला. पावित्र्य पाण्यात असते तर पंचगंगेने तो अपमान होऊ दिला नसता.

इंदापूरकरांना तर हे दूरच्या दाखल्याने सांगायला नको. उजनी धरण झाले तेव्हा भीमाकाठची गावे उठली आणि पळसदेवचे प्राचीन देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर, कधी सारे देऊळच उघडे पडते. गाव वर सरकले, आणि देवाचे करणेही गावाबरोबर वर गेले. त्यामुळे कुणाची देवभक्ती उणावली असे कुणी म्हणत नाही. शिवाय आज भीमेत पुण्याचे सांडपाणी येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नरसिंहपूरला जाणाऱ्यांनी जरूर जावे. ती रीत जुनी आहे आणि तिच्यात दिलासा आहे. पण ज्याने बापाची रक्षा त्यानेच कसलेल्या रानात मिसळली, त्याच्या दारात जाऊन गतीचा प्रश्न काढू नका. दहाव्याला त्याच्या शेजारी बसा.